जहाजावरची छत्री

"आई, संध्याकाळी व्हिडिओ कॉल करीन. एक गोष्ट सांगाची आहे," असा मोनाचा निरोप सकाळीच आला होता. तेव्हापासून ललिताबाईंचं कशात लक्ष नव्हतं.

पण फोन त्यांच्या यजमानांच्या, घनश्यामरावांच्या हाती होता आणि ओसरीवर त्यांनी अर्धं एकोडी गाव जमवलं होतं. मोना आणि जावई कैलाश हॉलंडात कालव्यातल्या एका बोटीवर राहत, कारण शहरातलं घरभाडं परवडत नव्हतं. गावात मात्र घनश्यामरावांनी 'जावयाचं जहाज' असं सांगून ठेवलेलं. गावातल्या घरोघरच्या टीव्हीच्या छत्र्या, म्हणजे डिश, त्यांनीच बसवलेल्या. मुलगी निघाली तेव्हा ललिताबाईंनी भरलेला चिन्नोर तांदूळ बॅगेतून काढून त्यांनी तिथे डिश कोंबली होती. आज जहाजावर मराठी चॅनल लावून दाखवायचं होतं.

फोनवर मोनाचा आवाज येत होता, दिसत होती नुसती डिश. बोटीच्या टपावरून कैलाशनं सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, तोंड कोनीकडे करू?"

"राइस मिलच्या धुराड्याकडे," घनश्यामराव बोलून गेले.

त्यांची सगळी विद्या त्या धुराड्यापाशी संपत होती. एकोडीतली प्रत्येक डिश त्याच्याकडे तोंड करून उभी. दिशा कोणती, हे पाहायची वेळच कधी आली नव्हती.

"इथं कोनती राइस मिल, मामाजी?"

शेवटी शेजारच्या भैयाजींनी देवळाच्या पूर्वेकडच्या दारावरून हिशेब करून धुराडं दक्षिणेला असल्याचं काढून दिलं. कैलाशनं डिश दक्षिणेला केली. तेवढ्यात पलीकडून एक मोठी बोट गेली, यांची बोट वळली आणि डिश भलतीकडेच पाहू लागली.

"मामाजी, आपला सॅटेलाइट इथं लागतच नाही म्हन्तेत. मोबाइलवर चॅनल दिसते ना."

"लोकाइले काय समजते? तुमचं पानीच बरोबर नाही. बोट कसून बांध."

"जरा मोनाले त दाखवा," ललिताबाई म्हणाल्या.

"थांब, सिग्नल येऊन राहिला."

सिग्नलचा पत्ता नव्हता. ललिताबाईंना मात्र आता खरोखर राग आला होता.

"मोना, तू वर चढ आन् डिश धर. कैलाश नट कसंल," घनश्यामरावांनी फर्मावलं.

मग मोना हळूच म्हणाली, "बाबा, मले चढाले मनाई आहे. वजनही उचलाचं नाही म्हने डॉक्टरीनबाई."

ओसरीवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. भैयाजींनासुद्धा कळलं.

"दोनच त पायऱ्या आहेत," घनश्यामराव म्हणाले. "चढ पटकन."

ललिताबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "मोना, फोन आपल्याकडे फिरव माय. तुह्यं तोंड पाहू दे."

डिश बाजूला झाली आणि मोना दिसली, डोळे भरलेली आणि हसणारी. ललिताबाई फोन घेऊन आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

ओसरीवर घनश्यामराव सांगत होते, "सिग्नल आलाच होता, भैयाजी. हिनं मधातच तोडला."