भिंगरी आणि गोळ्याचं कुंपण

भिंगरीला उडी मारायचं वेड आणि गोळ्याला उकरायचं. दोघं सख्खी भावंडं, एकाच दिवशी जन्मलेली, पण देवाने पाय वाटताना लांब लांब सगळे भिंगरीला देऊन टाकले आणि गोळ्याच्या वाट्याला चार ठोकळे आले. त्यामुळे अंगणाच्या भिंतीवरून भिंगरी जायची आणि फाटकाखालून गोळा. बाहेर मात्र दोघं एकदमच पोचायची.

बाहेर पडून जायची कुठे, तर बसच्या मागे. तेही कुठल्याही बसच्या नाही. त्या रस्त्यावरून दिवसभर बसगाड्या जात, त्यांच्याकडे ही कुत्री ढुंकूनही बघत नसत. घरच्या सुनेची बस वळणावर आली की मात्र यांच्या अंगात यायचं. ती बस चालवायची, आणि तिनेच या दोन पिल्लांना आगारात उभ्या असलेल्या बसखालून, ग्रीसने माखलेली, हत्यारांच्या पेटीत घालून घरी आणलं होतं. त्यांच्या लेखी ती बस म्हणजे माहेर.

त्यात सूनबाईंना घरासमोरून जाताना दोनदा पों पों करायची हौस. तो हॉर्न ऐकून सासूबाईंना कळायचं, स्वारी सुखरूप आहे. शेवटची फेरी असली की त्या लगेच चहाचं आधण ठेवायच्या. सगळं कसं लाडाचं चाललं होतं.

आणि एके दिवशी जिवावर बेतलं. सूनबाई बस घेऊन वळणावरून आली, हॉर्न वाजवला, आणि भिंगरी आली ती मागून नाही, समोरून. लाडात येऊन भेटायला! तिने जीव खाऊन ब्रेक दाबला. पहिल्या सीटवरच्या नर्सबाईंचा डबा घरंगळत दारापर्यंत गेला, मागे कोणीतरी कोणाच्या तरी मांडीवर बसलं. ती खाली उतरून चाकापाशी धावली. पुढचं चाक आणि भिंगरीची शेपटी यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरली होती, आणि ती शेपटी आनंदाने हलत होती. मागोमाग गोळा धापा टाकत आला आणि निवांतपणे चाकाचा वास घेऊ लागला. भर रस्त्यात तिला रडू फुटलं.

त्या संध्याकाळी तिने घरात सांगून टाकलं. ‘‘मी आठवड्याची रजा टाकलीय. रजा संपायच्या आत ही दोघं अंगणात नीट राहतील अशी सोय झाली तर ठीक. नाहीतर मी त्यांना दादाच्या शेतावर नेऊन सोडते. तिकडे बस जात नाही. माझ्याच चाकाखाली माझीच पोरं आली तर मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावू शकणार नाही.’’

सासरे कुत्र्यांना ‘ब्याद’ म्हणायचे. खरं तर एवढं ऐकून त्यांनी पेढे वाटायला हवे होते. पण त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

‘‘शेतावर कशाला? साखळी आणा. दोन साखळ्या, दोन खुंट, विषय संपला.’’

‘‘आणि भिंगरी साखळीसकट भिंतीवरून गेली तर?’’ सासूबाईंनी विचारलं. ‘‘ती पलीकडे, साखळी अलीकडे. फास लागून लटकेल ना लेकरू! आणि दिवसभर खुंटाला बांधलं तर कुठलाही जीव पिसाळेल. तुम्हाला तासभर एका जागी बसवलं तर घर डोक्यावर घेता.’’

सासऱ्यांचा चेहरा उतरला. ते उठले, जुनी साखळी पडली होती ती उचलली आणि माळ्यावर पार मागे फेकून दिली. परत येऊन म्हणाले, ‘‘मग दुसरं काहीतरी बोला. ऐकतोय मी.’’

सासूबाईंनी तेव्हाच नियम घातला. कुत्र्यांसाठी जे काही आणाल, ते आधी आपल्यापैकी कोणीतरी स्वतःवर करून बघायचं.

नवरा चित्रकलेचा शिक्षक. तो रात्रीत उंच भिंतीचं चित्र काढून घेऊन आला. चित्र देखणं होतं. भिंतीवर वेली होत्या, वेलींवर पाखरं होती. फाटक नव्हतं.

‘‘आणि आपण कुठून जायचं?’’ तिने विचारलं.

‘‘ते राहिलंच,’’ तो म्हणाला, आणि खोडरबर शोधायला गेला.

मग आला धाकटा दीर. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि जगातलं कुठलंही दुखणं वायरने बरं होतं अशी त्याची श्रद्धा होती. त्याने भिंतीच्या कडेने जमिनीत वायर पुरली आणि एक गळपट्टा काढून दाखवला. ‘‘वहिनी, काळजीच सोड. कुत्रं वायरच्या जवळ गेलं की गळ्याला बारीकसा झटका. लगेच मागे येतं. भिंत नको, जाळी नको, काही नको.’’

‘‘आधी स्वतः, भावजी,’’ ती म्हणाली.

दीर हसला, पट्टा मुठीत धरला आणि ऐटीत भिंतीकडे निघाला. घरचे सगळे ओट्यावर, भिंगरी आणि गोळा खिडकीत. भिंतीजवळ पोचला आणि ‘आई गं!’ असं किंचाळून त्याने जी झेप घेतली ती मागे नाही, पुढे! भिंतीवरून थेट रस्त्यावर. एवढी उडी तर भिंगरीनेही कधी मारली नव्हती.

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पण खरी गंमत पुढेच होती. दीर बाहेर उभा, आणि आत यायला तयार नाही.

‘‘अरे, ये की आत,’’ सासरे म्हणाले.

‘‘नाही येणार! आत यायचं तर पुन्हा त्या वायरवरूनच यायचं ना?’’

ती एकदम हसायची थांबली. ‘‘बघा. कुत्रीही हेच करतील. घाबरून पुढे उडी मारतील, आणि मग आयुष्यभर रस्त्यावर उभी राहतील. आत यायचीच नाहीत.’’

हे दिराला इतकं पटलं, की त्याने पट्टा तिथूनच गटारात टाकला. पट्टा गेला तरी भीती गेली नव्हती, त्यामुळे वायर काढून होईपर्यंत तो बाहेरच थांबला. सासूबाईंनी त्याला चहासुद्धा भिंतीवरूनच दिला.

आता उरलं साधंसुधं, घामाचं काम. जाळीचं कुंपण. भिंतीला चिकटून नको, नाहीतर भिंगरी जाळीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून रस्त्यावर. म्हणून दोन हात आत. उंची नवऱ्यापेक्षा जास्त, आणि वरची पट्टी अंगणाकडे झुकलेली, म्हणजे वर चढणाऱ्याचं डोकं तिलाच आपटावं. गोळ्यासाठी जाळीचा खालचा भाग आतल्या बाजूला वळवून जमिनीत पुरला, त्यावर दगड, दगडांवर माती. सासूबाई म्हणाल्या पत्रे लावू नका, रस्ता दिसू दे, दिसला नाही तर बघायच्या नादात जास्त उकरतील. आणि सूनबाईने स्वतः एकच हट्ट धरला, दारं दोन हवीत. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, मधे माणसापुरता थांबा.

खड्डे सगळ्यांनी मिळून खणले. दिराने खांब रोवले, नवऱ्याने जाळी ताणली आणि आयुष्यात पहिल्यांदा रेघ सरळ आली. सावलीला छप्पर झालं, पाण्याला जड कुंडी. शेवटी सासरे पहार घेऊन खाली बसले आणि जाळीची खालची कड उचकटायला लागले. इकडून लावली, तिकडून लावली, घामाघूम झाले, जाळी हलेना. शेवटी त्यांनी हात टेकले. इतक्या खुशीत हरलेला माणूस घरात कोणी पाहिला नव्हता.

पण सूनबाई घरात असताना कुत्री पळतच नसत. खरी परीक्षा एकच होती: ती बसमध्ये आणि ती दोघं अंगणात.

रजा संपली. पहिल्या फेरीला निघताना बघते तर पहिल्या सीटवर, नर्सबाईंच्या शेजारी, सासरे बसलेले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

‘‘बाबा, तुम्ही? कुठे निघालात?’’

‘‘सहजच. दोन थांबे जाऊन उतरेन घरापाशी. बसचं कसं काय चाललंय बघावं म्हटलं.’’ पिशवी रिकामी होती, हे तिला दिसत होतं.

घरापासून हाकेच्या अंतरावर थांबा होता, त्याच्या आधी घर, घराआधी वळण. रोजच्या प्रवाशांना सगळं ठाऊक होतं. वळण जवळ आलं तसे सगळे खिडक्यांकडे सरकले. तिने वेग कमी केला. हॉर्न वाजवला नाही. त्या दिवसानंतर तिथे हॉर्नला हात लावायचा तिला धीरच होत नव्हता. उजवा पाय ब्रेकवर आणि मनात दादाचं शेत.

हॉर्नची गरजच नव्हती. इंजिनचा आवाज ओळखून दोघं उठलीच होती. भिंगरी वाऱ्यासारखी आली आणि जाळीवर झेपावली. झुकलेल्या पट्टीला नाक लागलं, कोलांटी खाऊन खाली, पुन्हा उडी, पुन्हा खाली. गोळ्याने तोवर उकरायला घेतलं. माती उडाली, दगड लागला, त्याने दगडाकडे असं पाहिलं जणू कोणीतरी फसवलंय, आणि जागा बदलून पुन्हा दगड. बस कुंपणाला समांतर निघाली तशी दोघं उकरणं-उड्या सोडून तिच्याबरोबर आतून धावत सुटली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कान मागे, जीभ बाहेर. टोकाला पोचल्यावर थांबली. भिंगरी शेपटी हलवत उभी राहिली आणि गोळा धप्पकन बसला.

समोर रस्ता रिकामा होता. पार थांब्यापर्यंत रिकामा. तिचा पाय ब्रेकवरून आपोआप उचलला गेला.

मागे कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळी बसच टाळ्या वाजवू लागली. नर्सबाईंनी डबा छातीशी धरून ‘‘शाब्बास गं!’’ म्हटलं. तिचे डोळे भरून आले, आणि इतक्या दिवसांनी तिने हॉर्नवर हात ठेवला. पों पों. आरशात तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर आलेला सासूबाईंचा हात दिसला, त्यात चहाची किटली होती. तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवू असं झालं.

‘‘अगं सूनबाई,’’ मागून सासऱ्यांचा आवाज आला, ‘‘माझा थांबा गेला.’’

खरंच गेला होता. आनंदाच्या भरात ती घराजवळचा थांबा सरळ ओलांडून पुढे आली होती. नोकरी लागल्यापासून तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

‘‘अगं बाई! चुकलंच, बाबा. पुढे बाजूला घेऊन उतरवू का तुम्हाला?’’

सासऱ्यांनी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. दूरवर कुंपणाच्या टोकाशी दोन ठिपके अजून दिसत होते. त्यांनी डोळे पुसले, पिशवीची घडी करून खिशात ठेवली आणि सीटवर ऐसपैस टेकून बसले.

‘‘चल गं, पुढेच चल. परत येताना माझी पोरं पुन्हा बघायचीत मला.’’