पहिल्या चार सेकंदांचा आवाज

नाथाजी साळुंख्यांची गाडी भरतेशनं चार वेळा तपासली आणि चारी वेळा त्याला काही म्हणता काही सापडलं नाही.

तक्रार एकच. सकाळी पहिल्यांदा चालू केली की इंजिनात खडखडतं. तीन-चार सेकंद, मग गप. पण गाडी कोयनानगरहून आष्ट्याला यायची म्हणजे अडीच तास, इंजिन तापून झकास झालेलं. भरतेश बोनेटमध्ये डोकं घालून बसायचा आणि इंजिन आपलं शहाण्यासारखं चालायचं. एकदा त्यानं गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून घेतली. सकाळी चालू केली तरी काही नाही. आष्ट्यात कोयनेसारखी थंडी कुठली?

कोयनेजवळ गॅरेजं नव्हती अशातला भाग नाही. पण नाथाजींच्या बायकोचं, शालूबाईचं माहेर आष्ट्याचं, भरतेशच्याच गल्लीतलं. म्हणून ती त्याची आत्ती, नाथाजी मामा, आणि गाडी कायम त्याच्याकडं.

डिसेंबरात नाथाजींच्या मुलाचा, पृथ्वीराजचा फोन आला. तो पाटणला शाळेत मास्तर.

"भरतेश, खरं सांग. आवाज हाय का न्हाई?"

"मला तर आला न्हाई."

"मला बी न्हाई, मी तवा झोपेत असतो. आई म्हणती मी आत चुलीपाशी असते. म्हंजे आण्णांच्या कानातच वाजतंय. तीस वर्सं मिलिट्रीचा ट्रक चालवून कान गेल्यात त्यांचं. चौथ्या हाकेला वळून बघत्यात. असला माणूस घाटात गाडी चालवणार? मला झोप लागत न्हाई रं. तू फकस्त त्यांना सांग, गाडीत दोष न्हाई म्हणून. मग मी चावी काढून घेतो."

चावी गेली की मामा घरात बसणार, आणि बसलेले मामा काही भरतेशच्या डोळ्यासमोर येईनात.

"दोन दिस थांब," तो म्हणाला, "मी वर येतो. सकाळी माज्या कानानं ऐकतो."

तो मोटरसायकलवरनं पोचला तेव्हा चार वाजले होते. शालूबाईनं पाच वाजताच पाट मांडला. भरतेश जैन, दिवस मावळला की जेवत नाही, हे तिला ठाऊक. मुगाची आमटी, भाकरी, लोणी. कांदा नाही, लसूण नाही. आणि पाहुण्याला एकट्याला कसं जेवायला बसवायचं म्हणून सगळं घर जेवायला बसलं.

"पलटनीत बी एवढ्या लवकर जेवलो न्हाई," नाथाजी म्हणाले.

"पलटनीत आसं लोणी बी मिळालं न्हाई," शालूबाई म्हणाली. नाथाजींनी ते ऐकलं नाही. पृथ्वीराजनं भरतेशकडं बघितलं, भरतेशनं ताटाकडं.

पहाटे पावणेसहाला भरतेश कानटोपी घालून अंगणात आला. बोनेटला हात लावला. बोनेट गरम.

"मामा, गाडी चालू केलीसा व्हय?" त्यानं जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं.

"व्हय की. सव्वापाचला. फर्स्ट परेड."

फौजेत ड्रायव्हरनं रोज पहाटे बोनेट उघडायचं, तेल-पाणी बघायचं, इंजिन चालू करून ऐकायचं, त्याला फर्स्ट परेड म्हणतात. नाथाजींना रिटायर होऊन अठरा वर्षं झाली होती. एक दिवस चुकला नव्हता.

"आवं, मग मी कशाला आलोय?"

नाथाजींनी कपाळावर हात मारून घेतला. "हात गेला गड्या. आपसूक गेला."

"आन् आवाज?"

"आला की. नेमका आला."

दात घासत उभ्या पृथ्वीराजनं चूळ भरली. "बघ. आला, आन् ऐकला कुणी? ह्यांनीच."

एकदा चालू झालेलं इंजिन दिवसभर काही सांगत नाही. पुन्हा रात्रभर निवावं लागतं. भरतेश आणखी एक दिवस राहिला, आणि रात्री झोपायच्या आधी त्यानं हात पुढं केला. "मामा, चावी माज्याकडं द्या. न्हाईतर सव्वापाचला तुमचा हात परत जाणार."

नाथाजींनी चावी दिली, पण सोडायला वेळ लावला. "सकाळी देशील न्हवं?"

"देतो की," भरतेश म्हणाला, आणि ते बोलल्याचं त्याला बराच वेळ टोचत राहिलं.

सकाळी त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. पृथ्वीराजला चावी देऊन गाडीत बसवलं, बोनेट उघडून स्वतः इंजिनापाशी वाकला. नाथाजी सवयीनं जवळ आले तसं म्हणाला, "मामा, तुमी तुळशीपाशी थांबा. गाडीला कुणी हात लावू नका." थंडी अशी की बोटं वळेनात.

"मार," भरतेश म्हणाला.

पृथ्वीराजनं चावी फिरवली. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून जोरानं हलवावेत तसा आवाज आला. खडखडखडखड. चार सेकंद. मग गप, आणि इंजिन परत शहाण्यासारखं चालू.

पृथ्वीराज गाडीतनं उतरला तो तोंड उघडं ठेवूनच. दारातनं शालूबाई म्हणाली, "अगं बया. रोज आसं हुतंय व्हय हे?"

भरतेशला नाचावंसं वाटलं. तो वळला. तुळशीपाशी नाथाजी खाली मान घालून उभे होते.

"तुज्यासमोर आज बी न्हाई वाजला बघ," ते म्हणाले.

पृथ्वीराज बापाकडं बघत होता. कानांबद्दल त्याचंच म्हणणं खरं निघालं होतं, पण त्याच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं.

भरतेश त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मामा, वाजला. लय जोरात वाजला. आमी तिघांनी ऐकला."

नाथाजींनी बायकोकडं बघितलं. तिनं मान डोलावली.

"रोज आवाज ऐकताना तुमी कुटं उभं ऱ्हाताय?"

"उभं काय? खिडकीतनं आत हात घालून चावी फिरवायची, आन् एक हात हितं." ते गाडीपाशी आले आणि उजव्या बाजूला पत्र्यावर पंजा ठेवला. "हाताला खडखडलं की कळतंय. कानाला... आता काय सांगू. हातालाच ऐकाय येतंय म्हण."

पंजा होता बरोबर तिथं, जिथं आत टायमिंग चेन फिरते. इंजिनाच्या पोटातली साखळी. तिला ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रीत तेल खाली उतरतं, आणि सकाळी ते वर पोचेपर्यंत साखळी सैल पडून आपटते.

"आन् चूक माजी बी हाय," भरतेश म्हणाला. "गाडी जुनी झाली म्हणून जाड तेल मीच घातलं. हितल्या थंडीत ते काकवीगत हुतंय, वर चढायलाच वेळ लावतंय. चार वेळा तुमाला आसंच माघारी लावून दिलं मी."

नाथाजी पायरीवर बसले. "म्हंजे गाडीचं बी खरं, आन् माज्या कानाचं बी खरं." मग मुलाकडं न बघता म्हणाले, "चावी ठेव तुज्याकडं."

पृथ्वीराज शेजारी बसला. अगदी कानापाशी तोंड नेऊन म्हणाला, "चावी भरतेशकडं. तो गाडीचं काम करंल, मी तुमाला कराडला कानाच्या डॉक्टरकडं नेतो. दोन्ही कामं झाली की चावी तुमची."

"दोगंबी वर्कशॉपला म्हण की."

"व्हय. दोगंबी."

आष्ट्याला भरतेशनं इंजिनाचं साखळीवरचं झाकण काढलं. टेन्शनरचा दांडा शेवटच्या दातावर येऊन टेकला होता, आणखी ताणायला जागाच नव्हती; साखळी ओढून लांबली होती, तिला दोन्हीकडनं धरणाऱ्या पट्ट्या झिजून कागद झाल्या होत्या. आणखी महिनाभर चालली असती तर साखळीनं चाकाचा दात सोडून इंजिनच बंद पाडलं असतं, बहुतेक घाटातच. त्यानं सगळं नवीन घातलं, तेल पातळ भरलं. आणि गाडी स्वतः वर नेली, कारण आष्ट्यातल्या थंडीवर त्याचा आता विश्वास नव्हता.

नाथाजींच्या दोन्ही कानांत मशीन होतं. आठ दिवसांत त्यांनी घरातल्या सगळ्यांना वैताग आणला होता. "फॅन कुरकुरतोय. मांजर लय बोलतंय. आन् ही तुजी आत्ती चुलीपाशी एकटीच मला शिव्या देती, हे मला अठरा वर्सं ठावं न्हवतं."

"आता ठावं झालं न्हवं? मग सुधरा," शालूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला सगळे अंगणात. नाथाजींनी पत्र्यावर हात ठेवला नाही. हात पाठीमागं बांधून उभे राहिले, मान जरा कलती. भरतेशनं चावी फिरवली. इंजिन एका दमात लागलं आणि नुसतं गुणगुणत राहिलं. नाथाजी बराच वेळ ऐकत होते. तेल वर पोचायला चार सेकंद लागतात, ते मिनिटभर उभे होते.

भरतेशनं इंजिन बंद करून चावी पृथ्वीराजकडं दिली. ती बापाला द्यायची का नाही हे त्यालाच ठरवू दे म्हणून. पृथ्वीराजनं ती बापाच्या तळहातावर ठेवली.

"मास्तर," नाथाजी म्हणाले, "आवर. पाटणला सोडतो तुला."

सात वाजता दोघं निघाले. अंगणातनं गाडी रस्त्याला लागते न लागते तोवर शेजारी बसलेला पृथ्वीराज ओरडला, "हळू, आण्णा."

"हळू बोल," नाथाजी म्हणाले. "ऐकाय येतंय मला."