नजरेचे माप

"आई, तू माझ्या डोक्याशी बस. खाली मापवाल्या बाई असू देत."

दोन कळांच्या मधल्या उसंतीत लेकीने सांगितले आणि मोठ्या बाईंच्या काळजात कुसळ सलले. या प्रसूतिकक्षात नर्सचे काम करता करता त्यांच्या केसांची चांदी झाली होती. बाळंतपणानंतर रक्त किती गेले, हे चादरीवर एक नजर टाकून त्या सांगत आणि डॉक्टरीणबाई तेच प्रमाण मानत. मग कुठल्याशा संशोधनासाठी ही तरुण नर्स आली आणि बाळंतिणीच्या अंगाखाली मापाच्या रेघांची पारदर्शक पिशवी लावू लागली. रक्त लाल रेघेला टेकले की तत्काळ उपचार. ठिकठिकाणच्या रुग्णालयांतले आकडे गोळा केले, तेव्हा नजर बहुधा कमीच सांगते असे दिसले म्हणे. आणि रक्त जितके अधिक जाते, तितकी ती अधिक फसते.

"माझे डोळे काय भाड्याने आणलेत?" मोठ्या बाई तेव्हा फणकारल्या होत्या. "मापं दूधवाल्याला लागतात."

'मापवाली' हे नाव त्यांनीच ठेवले होते, हिणवण्यासाठी. बाळंतिणींनी त्याला 'बाई' जोडून ते लाडके करून टाकले. तेही त्यांना खुपत होते.

बाळ रडले. मुलगी. पाठोपाठ वारही पडली. दारातून डॉक्टरीणबाईंनी सवयीने विचारले, "बाई, किती गेलं?"

मोठ्या बाईंनी मान उंचावून पाहिले. "नेहमीइतकंच."

मापवाली पिशवीशी वाकली होती. "मोठ्या बाई," ती हळूच म्हणाली, "लाल रेघेपर्यंत भरली."

सगळ्यांदेखत, पोटच्या पोरीसमोर. मोठ्या बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होते आणि डॉक्टरीणबाई तेच मानतील, हेही त्या जाणून होत्या. रेघ खोटी ठरली, तर आपण जिंकलो. पण रेघ खरी असली आणि तरीही आपणच जिंकलो, तर?

"तिचं ऐका," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन काढा. पोट मी चोळते."

गर्भाशय आवळून रक्त थांबेपर्यंत त्या पोट चोळत राहिल्या.

संध्याकाळी लेक भेटायला आलेल्या जावेला सांगत होती, "मापवाल्या बाईंनी वाचवलं गं मला." शेजारी मोठ्या बाई नातीच्या दुपट्याची घडी घालत होत्या. त्यांनी घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. पोट चोळून चोळून त्यांचे मनगट अजून ठणकत होते; ते कोणाला सांगायचे?

दुसऱ्या दिवशी नवी बाळंतीण टेबलावर होती. पिशवी मोठ्या बाईंनीच लावली. मापवाली पलीकडे बाळ पुसत होती.

"बाई, किती गेलं?" दारातून आवाज आला.

प्रश्न दोघींपैकी कोणाला होता, हे मोठ्या बाईंनी वळून पाहिले नाही. त्यांनी चष्मा चढवला, टेबलाच्या कडेचा आधार घेतला आणि दुखरे गुडघे वाकवत डोळे रेघेच्या पातळीला आणले.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बघून सांगते."