झालं म्हणण्याआधी

सावली गावच्या प्रफुलच्या बहिणीचं, मंजुषाचं लग्न झालं ते साल २०२४. त्या फाल्गुनात मोहाची फुलं भरभरून पडत होती. प्रफुल चंद्रपूरच्या एका लहान कंपनीत ॲप तयार करायचा. वाघ दिसला की गावच्या राखणदारानं बटण दाबायचं आणि गावातल्या सगळ्या मोबाइलनी ‘वाघ आला, वाघ आला’ असं ओरडायचं, एवढंच त्या ॲपचं काम.

आलापल्लीकडच्या एका पाड्याचा राखणदार सुनिल. त्यानं फोन करून सांगितलं की जंगलात वाघाचं नाव घेतलं तर तो येतो, असं लोक मानतात. म्हणून बाया मोबाइलचा आवाज बंद करूनच मोह वेचायला जातात. ॲपमधून तो शब्द काढून टाका, नुसती शिट्टी द्या. प्रफुलला हे नवं नव्हतं. त्याच्या घरचेही धानाच्या बांधावर ते नाव काढत नसत. काम घडीभराचं होतं, पण घरात हळदीची गडबड. कंपनीचे मालक धनराजभाऊ यांनी विचारलं, तेव्हा तो झालं म्हणून मोकळा झाला. आधी झालं म्हणायचं आणि मग करायचं, ही त्याची जुनी सवय. आजवर निभावली होती. लग्न उरकलं, मांडव निघाला, आणि शिट्टी डोक्यातून गेली ती गेलीच.

एका सकाळी सुनिलनं बटण दाबलं. पाड्यावरची म्हातारी बुधरीबाई मोहाखाली वाकली होती; शेजारी तिच्या सुनेचा मोबाइल कमरेला मुकाच राहिला. वाघ झुडपातून निघून म्हातारीच्या पुढ्यातच उभा. बायांनी कालवा केला म्हणून तो वळला. पळताना बुधरी पडली, तिचा हात मोडला.

धनराजभाऊ म्हणाले, आवाज त्या बायांनीच बंद केला होता, तसं वनखात्याला कळवून टाकू. ते खरंही होतं, आणि कोणी तपासणार नव्हतं. पण गप्प राहिलं तर खापर त्या बायांच्या माथी फुटणार होतं. प्रफुल उठून त्यांच्यासमोर उभा राहिला.

“भाऊ, शिट्टी केलीच नाई मी. झालं म्हणलो, ते खोटं होतं.”

धनराजभाऊंनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. “मंग आता कर. आन् त्या बाईले तूच जाऊन सांग.”

त्यानं शिट्टी केली, ऑफिसात वाजवून पाहिली आणि पाडा गाठला. बुधरी हात गळ्यात बांधून बसली होती. त्यानं काही न लपवता सांगितलं.

“म्हंजे भात चुलीवरच, आन् तू पानावर बोलावतेस,” ती म्हणाली. मग गोंडीत काहीतरी बोलली, बाया हसल्या. प्रफुलनं मान खाली घातली. शिट्टी आता नीट वाजते, तपासलीय, असं तो पुटपुटला.

“तुया हापिसात मोह पडते का, बाबू?”

बायांनी मोबाइलचे आवाज चालू केले आणि सगळे मोहाखाली गेले. शिट्टी वाजली आणि पाखरांच्या कलकलाटात विरून गेली. एकीनंही मान वर केली नाही. प्रफुल तिथेच दगडावर बसला. सुनिलनं ढोल वाजवला, तो आवाज प्रफुलनं भरून घेतला आणि शिट्टीच्या जागी घातला. पुन्हा बटण दाबलं. पार टोकाच्या झाडाखालून बुधरीनं वळून पाहिलं, तेव्हा कुठे त्यानं धनराजभाऊंना फोन लावला. झालं म्हणाला.

पुढेही कोणतंही काम जिथं वापरायचं तिथं वाजवून पाहिल्याशिवाय ‘झालं’ हा शब्द त्यानं काढला नाही. कधी उशीर झाला, बोलणीही खाल्ली.

बुधरीचा हात जुळला, थोडा वाकडा. पुढच्या मोहाला तिनं टोपली उचलली. ती वारली २०२५च्या दिवाळीनंतर, तापानं, आपल्या घरी, आपल्या खाटेवर.