ट्रायलला गेलेली सायकल

आमच्या मास्तरांची देवावर श्रद्धा आहे, पण देवळात जाताना ते एक चप्पल इकडे काढतात आणि दुसरी तिकडे. मास्तर म्हणजे माझे यजमान, गौतम. असा माणूस आपली रेसिंग सायकल विकायला निघाला.

गुडघा गेला होता. डॉक्टरांनी चढ बंद केले, आणि मोखाड्यात चढ बंद म्हणजे सायकलच बंद. जव्हारहून एक रिसॉर्टवाला येऊन गेला, त्याला ती शोभेसाठी भिंतीवर टांगायची होती. मास्तरांनी त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. "चढ चढवणारा येईल त्यालाच देईन," म्हणाले. मुलीसाठी स्थळ बघावं तसं गिऱ्हाईक बघणं चाललं होतं.

गेल्या रविवारी सूर्यमाळचा सोम्या आला, सोबत त्याची आई पारूबाई. पोरगा काटक, भिवंडीला गोदामात कामाला. नाशिकच्या घाटातल्या शर्यतीत साधी सायकल पळवून त्यानं भल्याभल्यांना घाम फोडला होता. ऐकून मास्तर आतून हरखले. वरून चेहरा मात्र दुधात पाणी शोधणाऱ्याचा.

पारूबाईंनी सायकलीभोवती फेरी मारली. मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलवरून हात फिरवला.

"आधी कुणाकडं होती? कुठं पडलीबिडली नाय ना?"

मास्तरांना ते लागलं. सोम्यानं मागचं चाक उचलून फिरवलं, गिअर बदलून पाहिले, सीट आपल्या उंचीला लावली.

"चालवून बघतो, सर."

"बघ की. पण काहीतरी ठेवून जा."

"आय बसलीय ना इथं," सोम्या हसला. मोबाइल आईच्या हातात दिला आणि निघाला.

तास गेला. मास्तर फाटकाशी जाऊन रस्ता बघून आले. आणखी वेळ गेला. पारूबाई ओट्यावर शांत बसलेल्या. मी चहा आणला तर म्हणाल्या, "सौदा होऊं दे, मंग."

मास्तरांनी मला आत ओढलं. "चहा का घेत नाही? कधी उठून पळता येईल म्हणून. आणि ती त्याची आई कशावरून?"

"नाक तर सारखं आहे," मी म्हटलं.

"नाकावर काय जातेस!"

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. पोरगा चांगला वाटला होता, पण चोर काय चेहऱ्यावर लिहून येतात? मी बाहेर येऊन अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "लांब गेला वाटतं?"

"घरी नेली असंल," पारूबाई म्हणाल्या.

घरी! मास्तर तिथूनच स्वयंपाकघरात गेले आणि जव्हार रस्त्यावरच्या मुकेश पंक्चरवाल्याला फोन लावला. "सूर्यमाळ म्हणे! अरे, विकायला जव्हारलाच नेणार तो. दिसला की धर." दबक्या आवाजात बरंच काही बोलले. मी ऐकलं आणि अडवलं नाही.

दुपार कलली तसा सोम्या आला. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड उजळलेलं.

"सर, सोनं हाय ही! खोडाळ्यापासून पार आमच्या पाड्यापर्यंत चढवली. एकदा पाय नाय टेकला."

"इतक्या लांब? सांगून जायचं ना!" मास्तर ओरडलेच.

पारूबाईंना नवल वाटलं. "त्यात सांगायचं काय? बैल घ्यायचा तं आपल्या चढावर चालवूनच घेतेत. बाजारात सपाटीवर कुठलाबी चालतो. म्हणूनच तं मी बसले इथं."

मास्तरांचा सगळा राग पाण्यात गेलेल्या मिठासारखा विरघळला. "पाय नाही टेकला? त्या शेवटच्या वळणालाही?" त्यांनी तीनतीनदा विचारलं. सोम्यानं वळण हातानं काढून दाखवलं, मास्तरांनी त्यात आपलं वळण घातलं. सौदा एका वाक्यात ठरला. गुडघा विसरून मास्तर गुळाचा डबा आणायला धावले आणि स्वतःच सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. हात चिकट, म्हणून त्यांनी तो खाटेवर ठेवूनच स्पीकरवर घेतला.

"मास्तर, मुकेश बोलतो. इकडं तुमचा चोर आला नाय. पण ती म्हातारी हाय ना घरात? तिला सोडू नका. तुम्ही म्हणालात तसं, दोघं मिळूनच असतील."

फोन बंद करायला मास्तरांना बटण सापडेना.

पारूबाईंनी हातातला गूळ अलगद खाटेच्या कडेला ठेवला. मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याशीच बोलल्या. "बाई, मी लेकाच्या भरवशावर बसले व्हते. तुम्ही मला कोंडून बसला व्हता व्हय?"

"आय, सायकल लय चांगली हाय गं," सोम्या हळूच म्हणाला.

"हाय ना. पण ती अंगणात ठेवलीस तं लोक विचारतील कुणाकडनं घेतली. काय सांगशील?"

सोम्यानं सायकल भिंतीला नीट टेकवली. जाताना एकदा सीटवर हात ठेवला. दोघं एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले. मास्तर फाटकापर्यंत गेले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तरी हाक मार."

मी मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार होते?