डासांचा पाहुणचार

मित्रांनो, मी एक जुना सापळा आहे, डासांना सरबत पाजणारा. हसू नका! कारखान्यात माझ्या पोटात साखरेचा पाक भरला, त्यात पिकल्या फळांचा वास आणि थोडे विष मिसळले, वर पातळ पापुद्रा ताणून बसवला. डासाने सोंड खुपसली, की खेळ खलास. गुळाने मरतो त्याला विष कशाला, असे म्हणतात. पण हिवतापाच्या या डासांना दोन्ही लागत होते. फवारणी आणि मच्छरदाणीचे औषध त्यांच्या कधीच अंगवळणी पडले होते.

आरोग्यसेविकाताईंनी गल्लीतल्या प्रत्येक घराबाहेर आमच्यापैकी एकेकाला टांगले. मी आलो रंगाऱ्याच्या भिंतीवर. त्याच्या मुलीला सगळे 'भोंगा' म्हणत, आवाजच तसा खणखणीत! पण दरवर्षी शाळेच्या नाटकाच्या तोंडावर तिला हिवताप गाठायचा आणि तिची भूमिका दुसरीला जायची. यंदा ती राणी होणार होती. तिच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. मी तर टांगलेलाच होतो.

आणि काय सांगू! एका सकाळी बाबांनी हौसेने भिंत रंगवायला घेतली. हात इतका सफाईदार, की भिंतीबरोबर मीही हिरवागार! माझा वास पार कोंडला. तेवढ्यात ताई तपासणीला आल्या.

"अहो, सापळा कुठंय?"

"इथंच तर होता," बाबा ब्रश धरून गोंधळले.

"बाबा, तुम्ही त्यालाही रंगवलंत!" भोंगा अशी ओरडली, की कठड्यावरचे मांजर पसार झाले.

"रंग ओला आहे तोवर पुसा. हळू हं, पापुद्रा फाटेल," ताई म्हणाल्या.

बाळाचे नाक पुसावे तसे बाबांनी मला ओल्या फडक्याने पुसले. एक कोपरा हिरवा राहिला, तो मी मिरवतो.

त्या संध्याकाळपासून डासांची रीघ लागली. मीही हात आखडता घेतला नाही. पिऊन गेला तो गेलाच! आई रोज भोंग्याच्या कपाळाला हात लावून बघायची. कपाळ गारच.

नाटकाच्या दिवशी घराला कुलूप लागले. मी भिंतीवर एकटाच. शाळा गल्लीच्या पार टोकाला, पण राणीची आरोळी मला इथे ऐकू आली: "प्रधानजी, दरवाजे उघडा!" मला एवढा आनंद झाला, की विचारू नका.

आता माझा पाक संपला आहे. ताई मला घेऊन जातील आणि इथे माझा नवा भाऊ येईल. त्याच्यासाठी बाबांनी चौकट आखून ठेवली आहे, आत रंगाचा थेंब नाही. मित्रांनो, त्याला हात लावू नका, चाटू तर मुळीच नका, त्याच्यावर कपडे वाळत घालू नका आणि मच्छरदाणी लावणेही सोडू नका. पुढच्या नाटकाची आरोळी त्यालाही ऐकू द्या.