माम डुफिएची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. वीज मिळाली की बोट लागायच्या आधीच माझ्या पोटात गुणगुण सुरू होते. कोनोंगो गावात पोकुआचं वेण्या घालायचं दुकान आहे, तिथे मी राहतो. फडक्याखाली पडून बायकांच्या गप्पा ऐकायच्या आणि रविवारची वाट बघत तळमळायचं, हा माझा आठवडा.

माझा जन्म कारखान्यातला, अंग प्लास्टिकचं. मोठ्या वाद्यांच्या पंगतीत मला कुणी पाट मांडणार नाही. परदेशातल्या कुणीतरी टाकून दिलं, बोटीतून जुन्या सामानाबरोबर आलो आणि कुमासीच्या बाजारात पातेल्यांच्या ढिगाला टेकून उभा होतो, तेव्हा पोकुआने मला उचललं. वाजतो का, असं तिने विचारलं. विकणारा म्हणाला, "वाजतो, पण थांबवायचं कसं ते तू बघ." तिने मला कापडात गुंडाळलं आणि डोक्यावर घेऊन गावात आणलं.

पोकुआला कुणी शिकवलेलं नाही. ती सगळी गाणी काळ्या पट्ट्यांवरच बसवते. त्यामुळे माझ्या काळ्या पट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत आणि पांढऱ्या अजून कोऱ्या करकरीत आहेत. गाणाऱ्याला सूर वरचा हवा असो की खालचा, तिची बोटं जागची हलत नाहीत. एक बटण दाबलं की मीच अख्खा वर-खाली सरकतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. आमच्याकडे अंगणच हवं तसं वाकवून मिळतं.

रविवारी पोकुआ मला चर्चमध्ये नेऊन वाजवायची. तिथे पुढे उभी राहून गायची ती माम डुफिए. सुगीच्या सणाचं तिचं गाणं ऐकायला शेजारच्या गावांतून माणसं येत. शेवटच्या कडव्यात एक जागा होती, तिथे तिचा आवाज वर चढायचा आणि सगळ्या बायका पांढरे रुमाल हलवायच्या. पुढे वय झालं. एका तालमीत त्याच जागेवर तिचा आवाज चिरकला आणि तिने खोकल्याचं निमित्त केलं.

पुढच्या रविवारी पोकुआने कुणाला न सांगता बटण दाबून मला एक घर, म्हणजे अर्धा सूर, खाली घेतलं. माम डुफिए सुखाने चढली. काही महिन्यांनी आणखी एक घर. असं करत मी बराच खाली आलो, आणि माम डुफिए गावभर सांगत फिरली, "माझा गळा आहे तसा आहे. बसला तो अजेवाचा." अजेवा मागच्या रांगेत गायची आणि पुढच्या जागेवर डोळा ठेवून होती.

मला मात्र चैन पडत नव्हतं. आमच्या गावात लाइटचा भरवसा नाही. तिच्या जाण्यायेण्याला आम्ही डुमसोर म्हणतो, विझणं आणि पेटणं. माझ्या पोटात सेल नाहीत, त्यामुळे लाइट गेली की मी विझतो, आणि आली की मूळच्या पट्टीवर येऊन उभा राहतो. बटणाने दिलेलं सगळं पुसून जातं. पोकुआला हे ठाऊक होतं. लाइट आली की ती आधी बटण दाबायची.

सुगीच्या सणाला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे सुरण आणि केळ्यांचे घड रचले होते. पाद्रीबाबा बोलत असताना लाइट गेली. पोकुआ वारा घ्यायला दाराशी गेली. लाइट आली, लोकांनी टाळ्या पिटल्या आणि त्याच दमात पाद्रीबाबांनी माम डुफिएला पुढे बोलावलं. पोकुआ धावत आली आणि तिने थेट पट्ट्यांवर हात टाकले.

बटण, बाई, बटण! मी मनात ओरडत होतो. पण मला स्वतःचं तोंड नाही. बोट पडेल तेवढंच मी बोलतो.

पहिलं कडवं माम डुफिएने रेटून नेलं. दुसऱ्यात तिच्या मानेच्या शिरा फुगल्या, तेव्हा पोकुआच्या लक्षात आलं. पण भर गाण्यात पट्टी उतरवली तर साऱ्या गावाला कळणार. तिचं बोट बटणावर नुसतं लटकत राहिलं. ती जागा आली आणि माम डुफिएचा आवाज फुटला. या वेळी खोकल्याचंही निमित्त पुरलं नसतं. मागून अजेवाने ओळ उचलली, स्वच्छ चढली, आणि रुमाल तिच्यासाठी हलले.

माम डुफिएने कुणाकडे पाहिलं नाही. तिने फक्त पोकुआचं ते लटकलेलं बोट पाहिलं.

त्यानंतर ती चर्चला येईनाशी झाली. पोकुआ मला रविवारी नेई, वाजवी, आणून फडकं टाकी. एरवी मला हातही लावीत नसे. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

एका दुपारी माम डुफिए दुकानात आली आणि पोकुआकडे पाठ करून ठेंगण्या स्टुलावर बसली. वेण्या घाल, एवढंच म्हणाली. अर्धं डोकं झालं तेव्हा माम डुफिएने विचारलं,

"किती उतरवलं होतंस?"

"चार घरं, माम."

"म्हणजे मी गावभर फुशारक्या मारत हिंडत होते, आणि तू मनातल्या मनात हसत होतीस."

"हसले नाही. तुम्ही गाणं सोडाल म्हणून घाबरले होते."

"आणि आता काय झालं? सोडलंच ना?"

पोकुआचे हात थांबले. तिला रडू आवरेना. माम डुफिएने मागे वळून पाहिलं नाही.

"रडू नकोस, वेणी सैल पडेल. मला खाली उतरव, पोकुआ. आणखी उतरव हवं तर. पण आधी मला विचार. गळा माझा आहे."

मग तिने माझ्यावरचं फडकं काढायला लावलं. पोकुआने किती खाली घेऊ ते विचारलं. माम डुफिएने हलकेच गुणगुणून पाहिलं आणि म्हणाली, "पाच." अर्धं डोकं वेण्यांचं, अर्धं मोकळं, अशी ती तिथेच गायली. आवाज जाड झाला होता, जमिनीलगत चालत होता. गाणं ऐकून दारात जमलेल्या बायकांचे रुमाल काही हलले नाहीत. कुणी जागचं हललंही नाही.

मित्रांनो, घरात माझ्यासारखं जुनं वाद्य असेल तर त्याची धूळ झटका, त्याला अधूनमधून बोलकं करा. आणि घरातल्या थकलेल्या माणसासाठी काही सोपं करावंसं वाटलं, तर जरूर करा, पण त्याच्या पाठीमागे करू नका. आधी त्याला विचारा. तुम्हाला तोंड आहे.